दवाखान्याचे टक्के आणि रात्रपाळी

दवाखान्यांना गुण कसे देतात यावर मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या, तर पत्रांचा ढीगच आला. निम्म्यांत राग, निम्म्यांत कुतूहल. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, पुढे इन्चार्ज झाले आणि नोकरीच्या उत्तरार्धात दुसऱ्या दवाखान्यांची तपासणी करणाऱ्या पथकातही जायची. म्हणजे गुण घेतलेही आणि दिलेही. पत्रं लांब होती, इथे त्यांचा मुद्दा तेवढा दिला आहे.

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयाला राष्ट्रीय गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. गेटवर फ्लेक्स लागला, पंच्याऐंशीच्या वर टक्के. पेढे वाटले, मीही खाल्ले, कारण मी रुग्ण कल्याण समितीवर आहे. काही दिवसांनी आमच्या गल्लीतल्या पोराला सोयाबीनच्या सोंगणीत पान लागलं, म्हणजे साप चावला. रात्री नेलं तर डॉक्टर जागेवर नाहीत. सिस्टरनं केस पेपर काढला, १०८ बोलावली आणि पुढं धाडलं. पोरगा वाचला. पण मग ते टक्के खोटे म्हणायचे का? — समिती सदस्य, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, टक्के खोटे नसतील. तुम्हाला जे विचारायचंय ते त्या दिवशी कोणी विचारलंच नसेल, एवढंच.

हे गुण येतात कुठून ते आधी सांगते. केंद्र सरकारची राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं आहेत, २०१३ पासूनची. दवाखान्यात सगळे ‘एनक्वास’ म्हणतात. त्यांचे आठ भाग : सेवा कोणत्या मिळतात, रुग्णाचे हक्क, साधनसामग्री, सहायक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्गाला आळा, गुणवत्तेची व्यवस्था आणि आठवा निष्पत्ती, म्हणजे एवढा खटाटोप करून हाती काय लागलं. प्रत्येक भागात मानकं, मानकाखाली बारीक मुद्दे. मुद्दा पूर्ण असेल तर दोन गुण, अर्धवट असेल तर एक, नसेल तर शून्य. तपासायचं चार तऱ्हांनी : डोळ्यांनी पाहून, कर्मचाऱ्याला विचारून, रेकॉर्ड उघडून आणि रुग्णाशी बोलून. मग बेरीज आणि टक्के. एकूण ७० टक्के लागतात, शिवाय प्रत्येक विभागात आणि आठही भागांत वेगवेगळे ७० लागतात. प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं.

आता बेरजेची गंमत बघा. ओपीडीतल्या बाकांना दोन गुण, बाण काढलेल्या पाटीला दोन, आणि सापाच्या इंजेक्शनच्या साठ्यालाही दोनच. पाटी एका दिवसात रंगवून होते. रात्री डॉक्टर हजर राहायचा तर रिकाम्या जागा भराव्या लागतात, क्वार्टर गळतं ते दुरुस्त करावं लागतं, त्याच्या लेकरांच्या शाळेचं बघावं लागतं. साहजिकच दवाखाना आधी पाटी रंगवतो. त्यात लबाडी नाही, गुण तिथं स्वस्त मिळतात. पण तुमच्या पोराला ज्या रात्री गरज होती, त्या रात्रीचे गुण महाग आहेत, आणि पंच्याऐंशीत ते कुठं बुडाले ते वरून दिसत नाही.

दुसरं म्हणजे पथक सकाळी येतं. रात्रपाळी बघायची म्हणजे भिंतीवरचा ड्युटीचा तक्ता बघायचा, आणि तक्त्यावर नाव असतंच. मला जमेल तिथं मी रात्री जेवण झाल्यावर एक चक्कर टाकायची. कुणाला पकडायला नाही. दिवसा जे सगळ्यांना माहीत असतं ते रात्री कितीजणांना माहीत आहे, ते बघायला.

सर्पदंशाचंच घ्या. घोणस किंवा फुरसं चावलं तर विषानं रक्ताचं गोठणं बिघडतं. ते ओळखायची रीत अगदी साधी आहे. रुग्णाचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी हळूच तिरपी करायची. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय. ना मशीन लागतं, ना लाईट. मात्र नळी काचेचीच पाहिजे, प्लास्टिकच्या नळीत निकाल चुकतो. साबणानं धुतलेली नळीही दगा देते. मी तपासणीला गेले की म्हणायची, ‘नळी दाखवा.’ भिंतीवर सर्पदंश उपचाराचा रंगीत तक्ता झकपक असायचा, आणि नळी मागितली की लॅबच्या कपाटाची किल्ली शोधणं सुरू. किल्ली लॅबवाल्याकडे, लॅबवाला घरी. तक्त्याचे दोन गुण मिळणार, हे मला आणि त्यांना दोघांनाही माहीत असायचं.

आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. सुरुवातीलाच साधारण दहा बाटल्या लागतात, लहान लेकरालाही तेवढ्याच, कारण साप लेकरू बघून विष कमी सोडत नाही. म्हणून ‘साठा आहे’ या उत्तरावर थांबू नका. दोन बाटल्या असल्या तरी साठा ‘आहे’च. रिॲक्शन आली तर द्यायचं ॲड्रिनलिन कुठं ठेवलंय, हेही विचारा.

तुम्ही समितीवर आहात तेव्हा पुढच्या बैठकीत एकूण टक्के बाजूला ठेवा. विभागवार आणि भागवार गुणांचा कागद मागा. तो दवाखान्यात असतो, फ्लेक्सवर नसतो. त्यात आठव्या भागाचे गुण किती ते बघा. मग जून ते ऑक्टोबरचे सर्पदंशाचे केस पेपर काढायला सांगा. रुग्ण आला ती वेळ केस पेपरवर असते, पहिली बाटली लागली ती वेळ उपचाराच्या नोंदीत, १०८ निघाली ती वेळ रेफरच्या नोंदीत. या वेळांमधलं अंतर मिनिटांत काढा, दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं. कोणत्याही फ्लेक्सपेक्षा हा एक कागद जास्त बोलेल. असंच फवारणीच्या विषबाधेचं. २०१७ च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्या राज्यानं पाहिलं. तेव्हा ऑगस्ट उजाडायच्या आत ॲट्रोपिनचा, म्हणजे या विषबाधेवरच्या इंजेक्शनचा, साठा बघायचा असतो, तपासणीच्या तारखेला नव्हे. आणि काचेच्या नळ्यांसाठी मुंबईची परवानगी लागत नाही, तुमच्या समितीच्या निधीतून होतं.

एक विनंती. त्या रात्रीच्या सिस्टरवर बैठकीत घसरू नका. डॉक्टर नसताना तिनं गाडी बोलावली, तिच्या हातात तेवढंच होतं.

प्रश्न : मी कंत्राटी स्टाफ नर्स आहे. लेबर रूमची तपासणी आली की महिनाभर नुसती रजिस्टरं. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढं सरकतंय त्याचा आलेख, तर बाळंतपण झाल्यावरच भरतो, सगळेच तसं करतात. सिस्टर, गुणवत्ता म्हणजे कागदच का? — जि. चंद्रपूर

उत्तर : पोरी, बाळंतपणानंतर भरलेला पार्टोग्राफ लांबूनही ओळखू येतो. एकच पेन, एकच अक्षर, बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला १४०, १४०, १४०. पिशवीचं तोंड उघडल्याची रेघ फूटपट्टीनं ओढल्यासारखी. जित्या बाईच्या कळा अशा सरळ रेघेत येतात काय? मी दोन पेपर शेजारी ठेवायची. खऱ्यात खाडाखोड असते, मध्येच पाळी बदलून अक्षर बदलतं, कुठं तरी डाग पडलेला असतो.

तो कागद कशासाठी आहे हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सांगते. पिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडल्यापासून मांडायला घ्यायचं. त्यावर छापलेली इशाऱ्याची रेघ असते. बाईची रेघ तिच्या उजवीकडे सरकायला लागली की समजायचं, अडतंय, आणि गाडीची तयारी करायची. जिल्ह्याचं ठिकाण दोन तासांवर असेल तर हा इशाराच बाईचा जीव वाचवतो. बाळंतपण झाल्यावर तो इशारा कुणाला देणार?

पण तुझंही खरं आहे. एका सिस्टरकडे दोन बाया कळांत, एक बाळ वॉर्मरवर आणि तिसरीचे नातेवाईक दारात भांडतायत. अशा वेळी दर अर्ध्या तासाला ठोके ऐकणं होत नाही. मग माझं म्हणणं ऐक : जे ऐकलं नाहीस तो चौकोन कोराच ठेव. दहा कोरे चौकोन दिसले तर रात्री दुसरी सिस्टर पाहिजे असं म्हणायला आधार मिळतो. तू १४० लिहून भरलेस तर कागद म्हणतो, मनुष्यबळ पुरेसं आहे. ‘लक्ष्य’ हा लेबर रूमचा कार्यक्रम २०१७ च्या डिसेंबरात आला. त्याची तपासणी कडक असते म्हणून भीती वाटते, पण कोऱ्या चौकोनाला कमी गुण देणाऱ्यानं त्याचं कारणही लिहायचं असतं. मी तरी लिहायची.

आणि नाही, सगळं कागदावर नसतं. एका दवाखान्यात साहेब लोक फाईल काढत होते, तेवढ्यात मी वऱ्हांड्यात पोछा मारणाऱ्या बाईला विचारलं, ‘ह्या तीन बादल्या काहून?’ तिनं पोछा थांबवलाही नाही. म्हणाली, ‘हे साबणाच्या पाण्याची, हे साध्या पाण्याची अन् हे दवाईची. आधी साबणाचा पोछा, मंग साध्या पाण्यात खंगारतो, मंग दवाईचा. पाणी मळलं की बदलतो. साधी बादली नसली तर दवाईत घाणच जाते ना बाप्पा.’ जंतुसंसर्ग नियंत्रणाच्या समितीचं इतिवृत्त मी नंतर वाचलं, चांगल्या इंग्रजीत होतं. पूर्ण गुण मात्र त्या बाईच्या उत्तराला दिले.

हीच गोष्ट आगीची. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. त्यानंतर आपल्याकडच्या दवाखान्यांत आग विझवायचे लाल सिलिंडर लागले. तुझ्या वॉर्डातला आता जाऊन बघ. काटा हिरव्या भागात आहे का ते बघ, तारीख बघ, आणि पिन कशी ओढायची ते हातात धरून बघ. मावशीलाही दाखव. रात्री तुम्ही दोघीच असता.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात वर्षाकाठी फारसं कुणी दगावत नाही, जिल्ह्याच्या दवाखान्यात मात्र रोज मयत. मग तालुक्याचा दवाखाना चांगला, असं मुलांना सांगू का? — शिक्षक, जि. अमरावती

उत्तर : गुरुजी, सांगू नका. तालुक्यातून जो गंभीर होतो तो गाडीत बसवून पुढं जातो, आणि दगावला तर मयत तिकडच्या रजिस्टरात पडते. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यांच्या आकड्यांत अर्ध्या विदर्भाच्या रेफर चिठ्ठ्या आहेत. मृत्यूंचा आकडा एकटा कधी वाचू नये. त्याच्या शेजारी रेफर किती झाले, डामा घेऊन, म्हणजे सल्ल्याविरुद्ध, किती निघून गेले, हे ठेवायचं. आमच्याकडे डामाचा आकडा एकाएकी वाढला तर मी आधी औषधाची खिडकी बघायची आणि जेवण येतंय का ते बघायची. बाहेरून औषध आणायला लावलं की माणसं निघून जातात, आणि रेकॉर्डवर फक्त सही राहते.

दवाखाना तीन अंगांनी बघावा ही मांडणी अवेडिस डोनाबेडियन या डॉक्टरची, १९६६ सालची. इमारत, माणसं, यंत्रं हे एक अंग. प्रत्यक्षात काय केलं जातं हे दुसरं. रुग्णाचं शेवटी काय झालं हे तिसरं. डोनाबेडियनचा जन्म बैरुतचा, काम अमेरिकेत. पहिलं अंग मोजायला सोपं, म्हणून सगळे तेच मोजतात. त्याच्याही आधी बोस्टनचा अर्नेस्ट कॉडमन नावाचा सर्जन म्हणायचा, रुग्ण घरी गेला म्हणजे काम संपलं नाही, वर्षभरानं त्याचं काय झालं ते बघा. त्यानं १९११ मध्ये स्वतःचा छोटा दवाखाना काढला, पाच वर्षांत ३३७ रुग्णांना सुट्टी दिली आणि त्यांच्या उपचारांत आपल्याकडून झालेल्या १२३ चुका छापून जाहीर केल्या. सहकाऱ्यांशी त्याचं फाटलं, हे सांगायला नकोच.

तुमच्या मुलांना यातलं एक गणित द्या. ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं, महिना तीस दिवसांचा, म्हणजे नऊशे खाट-दिवस. रोज किती रुग्ण भरती होते त्यांची महिन्याची बेरीज ५४० आली, तर खाटा ६० टक्के भरल्या. पुढचा प्रश्न गुणांचा नाही, डोक्याचा : एखाद्या जानेवारीत हा आकडा एकदम शंभरच्या वर गेला, तर दवाखाना सुधारला का? हिवाळ्यात कुटुंब नियोजनाची शिबिरं होतात आणि बाया खाली गाद्या टाकून झोपलेल्या असतात, हे ज्याच्या आईनं पाहिलंय तो पोरगा बरोबर उत्तर देईल.

प्रश्न : शहरातल्या खासगी हॉस्पिटलवर ‘एनएबीएच’ लिहिलेलं असतं. तिथंच जावं का? — जि. बुलढाणा

उत्तर : ते क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अखत्यारीतल्या मंडळाचं मानांकन आहे. हॉस्पिटल आपणहून घेतं. औषधं देण्याची पद्धत, संसर्ग, रुग्णाची संमती, नोंदी यांची घडी बसलेली असावी अशी त्याची अट असते, आणि त्यात प्राथमिक पातळी आणि पूर्ण पातळी असा फरक आहे, तो विचारून घ्या. बिल किती येईल हे त्यावरून कळत नाही. आणि छातीत दुखत असताना पाटी वाचत फिरू नका, जवळचा दवाखाना गाठा.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. दवाखान्यातून सुट्टी होताना अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतात. आमच्या बाया सगळीकडं ‘उत्तम’वर टिक करतात आणि घरी आल्यावर माझ्यापाशी रडगाणं गातात. काय करू? — जि. गडचिरोली

उत्तर : आशाताई, टिक करणारीचं चुकत नाही. फॉर्म हातात देणारी सिस्टर तीच, जिच्याकडे पुढच्या महिन्यात बाळाच्या लसीला जायचंय. सुट्टीचा कागद अजून मिळायचाय, गाडी उभी आहे. अशा वेळी ‘असमाधानी’वर कोण खूण करणार? तपासणीत रुग्णांच्या समाधानाचे वेगळे गुण असतात, आणि माझ्या मते सगळ्यांत कच्चा आकडा तोच.

तुमच्याकडे मात्र असं एक दार आहे जे कुठल्या पथकाकडे नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाता. घरी जाऊन नवजात बाळ बघण्याची ही रीत तुमच्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं सिद्ध करून दाखवली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्यातल्या सातव्या दिवसाच्या भेटीत, बाळाचं वजन झालं की, पाच मिनिटं जास्त बसा.

‘सेवा कशी होती?’ असं विचारू नका. त्याला ‘चांगली’ हेच उत्तर येतं. झालेलं विचारा. जाताना गाडी कोणती होती, येताना कोणती? बाहेरून काय आणलं, चिठ्ठी आहे का? रात्री जेवण कुणी दिलं? कळा सुरू असताना कुणी हात उगारला का, बोल लावले का? बाळ अंगावर प्यायला कधी घेतलं? २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, रक्त, जाण्या-येण्याची गाडी आणि जेवण हे सगळं फुकट आहे. साध्या बाळंतपणाला तीन दिवस जेवण, सिझरला सात दिवस. तेव्हा बाहेरच्या औषधाची एक चिठ्ठी निघाली तरी ती दहा टिकांपेक्षा भारी.

नावं लिहू नका. महिन्यानं पाच-सात घरांचं एका पानावर येईल : अमुक घरांनी गाडीचे पैसे दिले, अमुक घरांनी औषध विकत आणलं. ते पान गटप्रवर्तक ताईंच्या हाती द्या आणि त्यांनी ते तालुक्याच्या बैठकीत वाचावं असं सांगा. कुणा सिस्टरचं नाव नसलं की बैठकीत फारसं कुणी चिडत नाही, आणि औषधाची मागणी वेळेवर गेली होती का, हा प्रश्न आपोआप निघतो.

आणि हे सगळं विचारायच्या आधी सासूबाईंना चहा ठेवायला आत पाठवा. त्या समोर बसलेल्या असल्या तर तुम्हालाही ‘उत्तम’च मिळेल.